निवृत्तीला मत द्यायचं होतं

दोह्याच्या अल अझीझिया भागातल्या आमच्या व्हिलाचे घरमालकाने किती तुकडे केले आहेत, ते आता त्यालाही सांगता यायचं नाही. वरचा एक तुकडा आमचा. मागे, जिथे कधीकाळी मालकाची गाडी उभी राहायची, तिथे पत्रा आणि प्लायवूड ठोकून केलेल्या खोलीत निवृत्ती राहतो, आणखी तिघांबरोबर. आमच्या स्वयंपाकघराची खिडकी नेमकी त्यांच्या दारावर उघडते. त्यामुळे त्यांच्याकडे आज काय शिजलं, कोणाचं कोणाशी वाजलं आणि कोणाच्या बायकोने गावाकडून फोन आपटला, हे मला जागेवर कळतं. माझी बायको सरोज याला भोचकपणा म्हणते. मी शेजारधर्म म्हणतो.

निवृत्ती हिंगोलीकडचा. मुशैरिबच्या काचेच्या इमारतींमधल्या लिफ्ट दुरुस्त करतो. उंच, वाळका, मिशी मात्र दोन माणसांना पुरेल एवढी. रोज संध्याकाळी कोपऱ्यावरच्या जहूरभाईच्या दुकानात भेंडी घेताना एकेका भेंडीचं शेपूट मोडून बघतो. जहूरभाई रायगडचे, तोंडाने तिखट. ते म्हणतात, हा माणूस लग्नाला मुलगी बघायला गेला होता तेव्हा काय केलं असेल याची मला काळजी वाटते. निवृत्ती हसतो आणि पुढची भेंडी उचलतो. भांडायचं नाही, पण मोडून बघितल्याशिवाय घ्यायचंही नाही, असा त्याचा स्वभाव.

तर या माणसाने चाळिशी ओलांडली तरी आयुष्यात एकदाही मत दिलेलं नव्हतं. हे मला कळलं त्याच्या बायकोमुळे. अंबिका तिकडे गावी असते. निवडणूक झाली की व्हिडिओ कॉलवर शाई लावलेलं बोट नाचवते आणि विचारते, तुमचं कुठंय. हा बिचारा स्वतःची ग्रीस लागलेली बोटं दाखवतो.

तो मतदार झाला त्या वर्षी त्यांची ग्रामपंचायत बिनविरोध झाली. गावातल्या चार शहाण्यांनी मारुतीच्या पारावर बसून सरपंच ठरवला, बाकीच्यांना अर्ज मागे घ्यायला लावले आणि गुलाल उधळला. निवृत्तीनेही उधळला. पुढची पंचायतही बिनविरोध. मग सोसायटी बिनविरोध, दूध डेअरी बिनविरोध. आपल्या लोकांना या शब्दाचं इतकं वेड, की एखाद्या गावात दोन उमेदवार उभे राहिले तर सुतक पडल्यासारखी तोंडं करतात. विधानसभा आली तेव्हा हा पुण्यात लिफ्टचं काम शिकत होता आणि नाव गावच्या यादीत. मग कतार. इथून मत द्यायला गावी जायचं तर कंपनीची सुट्टी निवडणूक आयोगाला विचारून मिळत नाही. आणि इथे तर आपण पाहुणे. पाहुण्याने पाहुण्यासारखं राहावं, त्याबद्दल निवृत्तीची काही तक्रार नव्हती.

राहता राहिला खाडीपार मराठी महासंघ.

ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी सांगतो. आखातातल्या सहा देशांत मराठी मंडळं होती, आपापले गणपती बसवत होती, आपापसात भांडत होती, सुखी होती. मग काही मोठ्या लोकांना वाटलं, आपण सगळे एक झालं पाहिजे. सहा देशांची मिळून एक संस्था झाली. तिचा ध्वज झाला, गीत झालं, घटना झाली. घटना कोणी वाचली नाही, पण ती चामड्याच्या पाकिटात घालून सगळ्यांना वाटली. शेजारच्या एका देशातल्या समुद्र दिसणाऱ्या हॉटेलात महासंघाची बैठक भरते आणि तिथे सहा देशांतल्या मराठी माणसाने काय करायचं ते ठरतं. कोणी निवडलं यांना, असं विचारलं की सांगतात, प्रत्येक मंडळाने अध्यक्ष पाठवला. मंडळाच्या अध्यक्षाला कोणी निवडलं म्हणाल, तर बिनविरोध.

आमच्या दोह्याचे अध्यक्ष हरिदासराव. मालवाहतुकीच्या कंपनीत मोठे साहेब, मुशैरिबला राहतात, पांढरा लिनन घालतात, बोलताना समोरच्याच्या खांद्यावर हात ठेवतात. तो हात माझ्याही खांद्यावर अनेकदा पडला आहे. घरी येऊन शर्ट धुवायला टाकावासा वाटतो.

महासंघाने आल्या आल्या एक मोठं काम केलं. बैठक भरते त्या शेजारच्या देशात सुट्टी शनिवार-रविवार. म्हणून सहाही देशांतले सगळे मराठी कार्यक्रम रविवारी, असा ठराव झाला. इथे कतारमध्ये सुट्टी शुक्रवार-शनिवार, आणि निवृत्तीसारख्यांना तर फक्त शुक्रवार. गेली दोन वर्षं गणपतीत ढोल वाजवणारे, मांडव घालणारे, खुर्च्या उचलणारे सगळे एकटे पुरुष रविवारी कामावर. गणपतीपुढे आम्ही कुटुंबवत्सल लोक रजा टाकून बसलो होतो, आरती मोबाइलवर लावून. निवृत्तीने महासंघाच्या वेबसाइटवर ‘आपला आवाज’ म्हणून एक जागा आहे तिथे तक्रार लिहिली. क्षणात उत्तर आलं, आपल्या सूचनेचे मनःपूर्वक स्वागत आहे. त्याने मुद्दाम ‘भेंडी महाग झाली’ असं लिहून पाहिलं. त्याचंही मनःपूर्वक स्वागत झालं.

तो म्हणाला, “भाऊ, काही लिफ्टमधी दार बंद करायचं बटन असतं बगा, त्याला वायरच जोडलेली नसती. माणूस दाबतंय, दार आपल्या टायमानं बंद होतंय. माणसाला वाटतंय आपणच केलं.”

मंडळाकडे जावं तर तिथे सभासद म्हणजे कुटुंब. एका कुटुंबाचं एक मत. निवृत्तीचं कुटुंब हिंगोलीला, म्हणून निवृत्ती सभासद नाही, कार्यकर्ता. म्हणजे खुर्च्या उचलायच्या, मोजायच्या वेळी बाहेर थांबायचं.

आणि मग गेल्या वर्षी अचानक महासंघाला लोकशाहीची उबळ आली. अधिवेशनात कोणीतरी उठून म्हणालं म्हणे, की तुम्हाला लोकांनी निवडलेलं नाही. अध्यक्षांनी त्याच व्यासपीठावरून जाहीर केलं, की यापुढे प्रत्येक देशाचा लोकप्रतिनिधी थेट निवडला जाईल. प्रत्येक मराठी माणसाला एक मत. कुटुंब असो वा नसो. मोबाइलवरून.

निवृत्तीने ही बातमी मला खिडकीखाली उभं राहून दोनदा सांगितली. तिसऱ्यांदा सरोजला सांगितली. त्या दिवशी त्याने भेंडी न मोडता घेतली, हे मला जहूरभाईंकडून कळलं. कोणाला देणार मत, म्हणून मी चिडवलं, तर म्हणाला, हरिदाससाहेबांनाही देईन, पण बघून, विचार करून देईन. हा माणूस दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून मोबाइलवरचं बटण दाबणार होता, हे मी तेव्हाच ओळखलं.

अर्ज भरायची मुदत जवळ आली. कतारमधून एकच अर्ज, हरिदासरावांचा. मंडळाच्या ग्रुपवर फुलांचा आणि जोडलेल्या हातांचा पाऊस. दोह्याची परंपरा कायम, मराठी ऐक्याचं दर्शन, बिनविरोध. एकाने तर बिनविरोधसाठी केक मागवला. मीही हात जोडून मोकळा झालो. ग्रुपवर न जोडणाऱ्याची नोंद होते.

निवृत्ती रात्रभर झोपला नसावा, कारण सकाळी त्याचे डोळे लाल होते. त्याने बऱ्याच जणांना विनवलं, कोणीतरी उभं राहा हो, नाहीतर मत कसं द्यायचं. प्रत्येकाने त्याला समजावलं की हरिदासरावांशी वाईट कशाला घ्यायचं. शेवटी, मत देता यावं एवढ्यासाठी, त्याने स्वतःचाच अर्ज भरला. सूचक त्याच्या खोलीतला रामेश्वर, क्रेन चालवतो तो. अनुमोदक जहूरभाई. जहूरभाई म्हणाले, मला मंडळात कोणी बोलावत नाही, निदान यात तरी माझं मराठीपण कामाला येऊ दे.

मग जे सुरू झालं त्याला मी मनधरणी म्हणणार नाही, मनधरणीला काही लाज असते. हरिदासराव, ज्यांनी तोवर त्याला ‘ए निवृत्ती, ती टेबलं इकडे घे’ याखेरीज हाक मारली नव्हती, ते बर्फीचा डबा घेऊन त्या पत्र्याच्या खोलीत आले. सोबत चौघे. बसायला पलंगच, तोही खालचा. लिनन सांभाळत हरिदासराव पलंगावर वाकून बसले आणि म्हणाले, निवृत्तीराव. मी खिडकीत होतोच. सरोज लसूण सोलायचं निमित्त करून माझ्या मागे.

त्यांनी आधी शाल दिली, मग नारळ. म्हणाले, अर्ज मागे घ्या, तुम्हाला स्वीकृत सदस्य करतो. गणपतीच्या शेवटच्या आरतीचा मान देतो. स्मरणिकेत फोटो छापतो, रंगीत. रविवारचंही बघू, वरती बोलतो. निवृत्ती सगळं ऐकून घेत होता. मान डोलवत होता. चौघांना वाटलं झालं काम. तेवढ्यात त्याने विचारलं, “साहेब, हे सगळं ठीकाय. पण मग मत कदी द्यायचं?”

हरिदासराव हसले. “अहो, मतबित कशाला? आपण सगळे एकच नाही का?”

“एकच हावोत ना. मग मोजायला काय भ्यायचं?”

बर्फीचा डबा ते परत घेऊन गेले. हे मी डोळ्यांनी पाहिलं. नारळ आणि शालही.

आता हिशोब असा, की कतारात कुटुंबवाले मराठी मूठभर आणि एकटे पुरुष ढीगभर. कोणी क्रेनवर, कोणी ट्रकवर, कोणी पार उत्तरेच्या टोकाला, मदिनत अश शमालला, बोटींची वेल्डिंग करतोय. रामेश्वरने फोन फिरवायला सुरुवात केली. रविवार म्हटलं की पलीकडून शिवीच यायची आणि मत पक्कं व्हायचं. निवृत्तीला जिंकायचं नव्हतं, पण वारं फिरलं ते फिरलं. हरिदासरावांच्या नाकाला वास लवकर लागतो. इतकी वर्षं उगाच नाही टिकले.

मुदतीच्या शेवटच्या दिवशी ग्रुपवर त्यांचं भलंमोठं निवेदन येऊन पडलं. दोह्याची बिनविरोध परंपरा अबाधित राहावी म्हणून, एका कष्टकरी बांधवासाठी, मी माझा अर्ज मागे घेत आहे. त्याग, समर्पण, खाली सूर्यास्ताचा फोटो. पुन्हा फुलं. पुन्हा हात. काल ज्यांनी निवृत्तीला फुटीर म्हटलं होतं त्यांनीच आज त्याला कष्टकऱ्यांचा कैवारी म्हटलं. निवृत्ती लोकप्रतिनिधी झाला. बिनविरोध.

मी पेढा घेऊन खाली गेलो, थट्टा करायला. तो पलंगाच्या कडेला डोकं धरून बसला होता. म्हणाला, गाडी काढा भाऊ, मुशैरिबला जायचंय. वाटेत मला कळलं की हा हरिदासरावांची मनधरणी करायला निघालाय. मला हसू आवरेना. त्यांच्या दिवाणखान्यात, संगमरवरावर, कामाचे बूट दाराबाहेर काढून निवृत्ती उभा राहिला आणि हात जोडून म्हणाला, “साहेब, उभं ऱ्हावा हो. एकच दिवस. म्या तुम्हालाच मत देतो.”

हरिदासरावांना वाटलं हा आपल्या त्यागाने गहिवरला आहे. त्यांचे डोळे भरून आले. त्यांनी निवृत्तीला मिठी मारली, फोटो काढला आणि तोही ग्रुपवर टाकला. महासंघाने पुढच्याच आठवड्यात त्यांना ‘मार्गदर्शक’ म्हणून नेमलं. मार्गदर्शक प्रत्येक बैठकीला असतो, त्याला निवडून यावं लागत नाही आणि त्याची मुदतही संपत नाही. गाडीत बसेपर्यंत माझं हसू थांबलं होतं.

पहिली बैठक ऑनलाइन होती. खोलीत नेट धड चालत नाही म्हणून निवृत्ती आमच्या जेवणाच्या टेबलावर माझा लॅपटॉप घेऊन बसला. इस्त्रीचा शर्ट, केसांना तेल. सहा देशांचे सहा लोकप्रतिनिधी, सहाही बिनविरोध. पाच ठिकाणी तेच जुने अध्यक्ष. पडद्यावर समुद्राचा देखावा मागे लावून महासंघाचे अध्यक्ष बोलले. विषय एकच. सहाही जागा बिनविरोध झाल्या, यावरून सिद्ध झालं की आपल्या लोकांना निवडणूक नकोच आहे. सबब थेट निवडणुकीची पद्धत रद्द करावी, प्रतिनिधी पूर्वीसारखे मंडळांनी पाठवावेत. ठराव मताला टाकतो.

निवृत्तीने माझ्याकडे पाहिलं. त्या क्षणी त्याच्या लक्षात आलं आणि माझ्याही, की आयुष्यातलं पहिलं मत द्यायची वेळ आली आहे, आणि ती मत काढून टाकायच्या ठरावावर आली आहे. सरोजने पोळीचा तवा खाली उतरवला.

एकेकाचं नाव घेतलं नाही. अध्यक्ष म्हणाले, सर्वांची संमती आहे असं धरतो. निवृत्ती म्हणाला, माझा विरोध आहे. कोणीच ऐकलं नाही. तो पुन्हा म्हणाला. कोपऱ्यातल्या चौकटीतून हरिदासराव म्हणाले, दोह्याचं नेटवर्क जरा खराब आहे. तिसऱ्यांदा तो बोलला तेव्हा त्याचा माइक तिकडूनच बंद झाला होता. पडद्यावर त्याची मिशी नुसती हलत होती. सर्वानुमते मंजूर, धन्यवाद, जय महाराष्ट्र.

आमचं नेटवर्क उत्तम होतं. सरोज त्यावर तासन्तास मालिका बघते.

हरिदासरावांचा फोन लगेच आला. एक मत कमी-जास्त झाल्याने ठराव पडत नव्हता, सर्वानुमते असलं की कागदावर बरं दिसतं, मनाला लावून घेऊ नका, असं बरंच काही. निवृत्ती ऐकत राहिला. शेवटी एवढंच म्हणाला, की ठराव पडू दे नाही तर राहू दे, माझं मत कुठं गेलं ते सांगा. पलीकडून सांगितलं, दुसरा फोन येतोय.

त्यानंतर कित्येक दिवस त्याने भेंडीच घेतली नाही. जहूरभाई त्याला हाक मारायचे, हा मान हलवून पुढे जायचा. अंबिकाला त्याने काय सांगितलं ते मला ठाऊक नाही, खिडकीतून ऐकू आलं नाही.

मग महासंघाचे अध्यक्ष दोह्याला येणार म्हणून मंडळाने स्नेहभोजन ठेवलं. त्यांचं विमान शुक्रवारीच होतं, त्यामुळे कार्यक्रम शुक्रवारी. चुकून एकट्या पुरुषांनाही येता आलं. हॉल खच्चून भरला. मागच्या भिंतीला लागून पुऱ्या, श्रीखंड, मसालेभात, अळूची भाजी. वासाने लोक अर्धे उठलेलेच होते. भाषणं झाली, ऐक्य झालं, सहा देश झाले, एक हृदय झालं. शेवटी नव्या लोकप्रतिनिधींचा सत्कार म्हणून निवृत्तीला वर बोलावलं. शाल तीच होती, मी ओळखली.

निवृत्तीने शाल घेतली नाही. माइक घेतला.

तो म्हणाला, “निवडणूक रद्द करायच्या ठरावाला म्या विरोध केलता. तुमी सर्वानुमते म्हणून सांगितलं. ते इथं दुरुस्त करा.”

टाळ्या पडल्या. खरं सांगतो, टाळ्या पडल्या. माणूस माइकवर बोलून थांबला की टाळ्या वाजवायच्या, एवढंच आमच्या हातांना कळतं. हरिदासराव हसत पुढे आले, आमचे निवृत्तीराव भारी विनोदी, असं म्हणाले आणि माइक घ्यायला हात पुढे केला. निवृत्तीने माइक पाठीमागे धरला. खाली उतरला नाही. ओरडला नाही. शिस्तीत उभा राहिला.

हॉलमध्ये कुजबुज सुरू झाली. मला वाटलं, आता तरी कोणी म्हणेल की खरं आहे याचं. पहिल्या रांगेतल्या एका बाईंनी मागे वळून भांड्यांकडे पाहिलं. त्यांच्या यजमानांनी घड्याळाकडे. व्यासपीठावरचे लोक उतरल्याशिवाय जेवण सुरू करायचं नाही असा नियम, आणि तिकडे पुऱ्या मऊ पडत चाललेल्या. कोणीतरी मागून म्हणालं, सांगून टाका ना हरिदासराव, काय ते. दुसरा म्हणाला, पोरं भुकेली आहेत हो. मग आवाज वाढत गेला. त्यात निवृत्तीची माणसं होती, तशी हरिदासरावांची खास माणसंही होती, मतं न देणारी, ग्रुपवर हात जोडणारी. सांगा की, सांगून टाका, यल्ला, चला, खलास करा. न्याय, हक्क, ठराव, घटना यांतला एकही शब्द कोणाच्या तोंडात नव्हता. तोंडाला पाणी होतं.

महासंघाच्या अध्यक्षांनी हरिदासरावांच्या कानात काहीतरी सांगितलं. हरिदासरावांचा चेहरा कडू औषध घेतल्यासारखा झाला. ते माइकशिवायच, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, “ठराव मंजूर. पाच बाजूने, एक विरोधात.”

पुन्हा टाळ्या, आणि त्यांच्यावरूनच धावाधाव. पुरीच्या पातेल्यापाशी एका साहेबांनी दुसऱ्या साहेबांच्या पायावर पाय दिला. दहा मिनिटांपूर्वी ज्याच्यासाठी टाळ्या वाजवल्या त्याचं नावही कोणाला आठवत नव्हतं. सहा देशांच्या ऐक्याचा रस अळूच्या पानांतून लोकांच्या मनगटावर ओघळत होता. मला माझ्याच ताटातल्या श्रीखंडाकडे बघवेना. तरी खाल्लं, सरोज सांगेलच म्हणून आधीच कबूल करतो.

निवृत्ती सगळ्यांच्या शेवटी रांगेत आला. पुऱ्या संपल्या होत्या. त्याने मसालेभात घेतला, वर अळू घेतलं आणि आमच्या शेजारी येऊन बसला. चार घास झाल्यावर म्हणाला, “पाच विरुद्ध एक. म्हंजी भाऊ, मी हरलो ना?”

“सपशेल हरलास,” मी म्हणालो.

तो मान खाली घालून भात कालवत राहिला. मिशीखालून हसत होता.

“पयल्यांदाच हरलो,” म्हणाला, आणि अजून भात आणायला उठला.